कारणाचा रकाना

फ्रेस्नोच्या त्या दोन वर्षांच्या कॉलेजात ब्लिया थाव पंधरा वर्षं पोरांचे तक्ते बेतत होती. काम ऐकायला सोपं. पोरं दोन वर्षं इथे कमी पैशांत शिकतात आणि तिसऱ्या वर्षाला मोठ्या विद्यापीठात जातात. कुठल्या सत्रात कुठला विषय घ्यायचा ते ब्लियाने मांडून द्यायचं. पण कॉम्प्युटरवाल्याचा तक्ता मांडायला बसलं की भल्याभल्यांच्या नाकी नऊ येतात. एका विद्यापीठाला भौतिकशास्त्राचे तीन भाग लागतात, दुसऱ्याचं दोनांवर भागतं. एकाला प्रोग्रामिंग एका भाषेत हवं, शेजारच्याला दुसरीत. काही विषय वर्षातून एकदाच शिकवतात, तेही पंधरा पोरं जमली तर. एक विषय निसटला की अख्खं वर्ष हातचं जातं, आणि आमच्या पोरांचं वर्ष गेलं की बहुतेकदा शिक्षणच जातं. मग ती कुठल्यातरी गोदामात खोकी उचलताना भेटतात आणि नजर चुकवतात.

फेंग पहिल्यांदा आला तेव्हा कागदावरचं थाव हे आडनाव वाचूनच तिने खुर्ची पुढे सरकवली. लढाईत डोंगरातला मुलूख सोडून इकडे आलेल्या आम्हा ह्मोंग लोकांत एका कुळाचे सगळे भाऊबहीण. थाव कुळातला पोरगा म्हणजे भावाचाच मुलगा, मग त्या भावाला तिने जन्मात पाहिलेलं नसो. पोरगा बुजरा होता, चपला काढायच्या की नाही या विचारात दारातच उभा. तुम्हाला आत्या म्हटलं तर चालेल का, असं त्याने विचारलं. म्हण की, ती म्हणाली, पण आत्या म्हणालास म्हणून कुठली तारीख पुढे ढकलून मिळणार नाही. तिसऱ्या भेटीत तो तिला 'अगं आत्या' म्हणायला लागला होता.

त्याचा तक्ता मांडायला तिला तीन दुपारी लागल्या. समुद्राकाठचं एक विद्यापीठ फेंगने मनात धरलं होतं, फ्रेस्नोपासून गाडीने चार तास. चार सत्रं, प्रत्येकात चार विषय, आणि शेवटच्या सत्रात लिनियर अल्जेब्रा नावाचं गणित, जे झाल्याशिवाय ते विद्यापीठ कॉम्प्युटरच्या पोराला उभंही करत नाही. फेंगने तो तक्ता घरी नेऊन फ्रीजवर लावला. त्याचे वडील न्हिया पाओ भाड्याच्या पाच एकरांत मिरच्या, गवती चहा आणि लांब शेंगा लावत आणि शनिवारच्या बाजारात विकत. इंग्रजी त्यांना बेताचंच. एकेक सत्र संपलं की ते मिरच्यांच्या खोक्यावर लिहायचा जाड पेन घेऊन त्या रांगेवर आडवी रेघ ओढत आणि बाजारात शेजारच्या गाळ्यावाल्याला सांगत, "आपला पोरगा यंत्राला बोलायला शिकवतो." शेजारचा म्हणे, मग बायकोला गप्प बसायला शिकवणारं यंत्र कर म्हणावं. यावर दोघे हसत. हे सगळं ब्लियाला फेंगनेच सांगितलं.

तीन रेघा ओढून झाल्या आणि न्हिया पाओंचं पोट फुगायला लागलं.

यकृत गेलं होतं. जानेवारीत मोठ्या दवाखान्यात नेलं तेव्हा दुभाषा आजारी पडलेला, म्हणून डॉक्टरांचं बोलणं फेंगच सांगत होता. डॉक्टर हळू आवाजात बराच वेळ बोलले. सहा महिने, फार तर आठ, असं म्हणाले. फेंगने वडिलांना सांगितलं, औषध चालू ठेवायचं म्हणतात.

"एवढा वेळ बोलले ते, त्याचं एवढंच झालं?" न्हिया पाओंनी विचारलं.

"इंग्रजीत वाक्यं लांब असतात, बाबा."

त्यांनी मान हलवली आणि औषधाची चिठ्ठी खिशात घातली.

एप्रिलमध्ये विद्यापीठाचं पत्र आलं. घेतलं होतं! घरी डुक्कर कापलं, चिकट भात, मिरचीचं तिखट, चाळीसेक माणसं जेवली. ब्लियाही होती. न्हिया पाओ खुर्चीत बसून सगळ्यांना एकच गोष्ट दाखवत होते, फ्रीजवरचा तक्ता. पत्राच्या शेवटी बारीक अक्षरांत एक अट असते, ती सगळ्याच पत्रांत असते: ठरलेले सगळे विषय पुरे करा, आणि एखादा जरी सुटला तरी ताबडतोब कारणासकट कळवा. ब्लिया ही अट पोरांना पाठ करायला लावते. फेंगलाही तिने लावली होती.

मे महिन्यात तो तिच्यापुढे येऊन बसला आणि कितीतरी वेळ टेबलाची कड खरवडत राहिला. मग म्हणाला की लिनियर अल्जेब्रा सोडून दीड महिना झाला. तो वर्ग मंगळवारी आणि गुरुवारी सकाळी, आणि नेमकं तेव्हाच वडिलांच्या पोटातलं पाणी काढायला दवाखान्यात जावं लागायचं. आईला गाडी येत नाही. मेजवानीच्या दिवशी तो विषय सुटलेलाच होता, पण चाळीस पानं वाढलेली असताना काय सांगणार.

ब्लियाला राग आला आणि तो तिने लपवला नाही. गाढवा, तिने सुनावलं, मला आधी सांगितलं असतंस तर संध्याकाळच्या वर्गात टाकला असता, दुसऱ्या कॉलेजात टाकला असता, दहा वाटा होत्या. मग तिने स्वतःला आवरलं आणि बदल कळवायचा फॉर्म उघडला. बाकीच्या सगळ्या विषयांत तो अव्वल होता. कारण खरं होतं, आणि खऱ्या कारणाला विद्यापीठं मान देतात, तिने शंभरदा पाहिलं होतं. दोघांनी लिहिलं, घरात आजारपण. आठवड्याने उलट विचारणा आली: कोणाचं आजारपण, किती गंभीर, आणि डॉक्टरांचं पत्र जोडा.

डॉक्टरांचं पत्र फेंगच्या दप्तरात होतं. ते त्याने काढून दाखवलं आणि लगेच घडी घालून आत ठेवलं. त्यात स्पष्टच लिहिलेलं होतं, रुग्णाचे थोडे महिने उरले आहेत.

"हे नको जोडूया, आत्या."

"याच्याशिवाय कारण दिसणार नाही रे त्यांना."

"बाबा जिवंत आहेत. सकाळी उठून मिरच्यांना पाणी घालतात. मी माझ्या हाताने कसं लिहू की ते मरणार?"

इथे ब्लियाने काय करायचं ते ब्लियाला ठाऊक होतं. मुलाला बाहेर बसवायचं, पत्र मागून घ्यायचं, आपण जोडायचं. दुसऱ्या कुणा पोराचं असतं तर तिने पाच मिनिटांत केलं असतं. पण ती चौदा वर्षांची असताना याच गावात एका डॉक्टरने तिच्या आईच्या तोंडावर सांगितलं होतं, बाई, तुमच्याकडे वर्ष आहे. आई चौदा दिवसांत गेली. डॉक्टरने तोंडाने ओढून नेली, असं सगळं कूळ म्हणालं. ब्लियाने पुढे दोन पदव्या घेतल्या, असल्या गोष्टींवर तिचा विश्वास नाही, विचाराल तर ती तसंच सांगेल. तरी जिवंत माणसाच्या मरणाचा शब्द आजवर तिच्या तोंडून कधी निघालेला नाही. शब्द निघाला की वाट उघडते, एवढं आमच्या हाडांत मुरलेलं आहे.

मग कारणाच्या रकान्यात काय लिहायचं? फेंग म्हणाला, चांगलं लिहूया. चांगलं लिहिलं की चांगलं होतं, त्याची आई म्हणते. आणि त्याने टाइप केलं: वडिलांच्या प्रकृतीत सुधारणा होत आहे. ब्लियाने ते वाचलं. आपण पायावर धोंडा पाडून घेतोय हे तिला लख्ख कळत होतं. वडील सुधारत असतील तर पोराने वर्ग का सोडला, असं कुणीही विचारील. ती एवढंच म्हणाली, "तसंच होवो," आणि फॉर्म पाठवला. फॉर्म नव्हताच तो, नवस होता, आणि तो विद्यापीठाच्या कचेरीत कुणाला वाचता येणार?

जुलैच्या तीन तारखेला प्रवेश रद्द झाल्याचं कळलं. पंधरा तारखेपर्यंत दाद मागता येणार होती, डॉक्टरांच्या पत्रासह. ब्लियाने फेंगला तीनदा बोलावलं. तिसऱ्यांदा तो आला, पत्र घेऊन आला, आणि ते हातात धरून बसून राहिला. न्हिया पाओ तेव्हा शेतावर जायचे थांबले होते पण अजून बसून जेवत होते. आज दोन वाट्या भात खाल्ला, फेंगने सांगितलं. आता या माणसाला कागदावर मारायचं का? पंधरा तारीख आली आणि गेली. ऑगस्टमध्ये तिने त्याला आपल्याच कॉलेजात पुन्हा त्या गणिताला बसवलं, सकाळी दहाचा वर्ग. वडिलांना काही सांगायचं नाही असं त्याने आणि त्याच्या आईने ठरवलं. सकाळी कामाला जातो, असं तो घरी सांगे.

ऑगस्टच्या नऊ तारखेला न्हिया पाओंचा ब्लियाला निरोप आला, येऊन जा.

त्यांची खाट आता बाहेरच्या खोलीत आणली होती. हात काटक्यांसारखे, पोट तेवढं मोठं, डोळे पिवळे. त्यांनी बायकोला, यूआला, चहा करायला आत पाठवलं आणि फेंगला दुकानात. मग म्हणाले, पोरगा माझ्याकडे बघत नाही. पाणी देतो, कूस बदलतो, पण बघत नाही. त्याचं जाणं मोडलं का?

ब्लिया खोटं बोलायची तयारी करून आली होती. पण आपल्या कुळाचा वडीलधारा माणूस समोर, तोही असा. तिने सगळं सांगितलं. सुटलेला वर्ग, फॉर्म, विचारणा. दाद मागायची मुदत कधी होती एवढंच सांगायचं राहिलं.

"म्हणजे एक कागद हवा होता," ते म्हणाले. "त्यात काय लिहायचं होतं?"

ब्लियाने खाटेवरची चादर सारखी केली.

"न्हिया पाओ मरायला टेकलाय, असं?"

"दादा, असं बोलू नका."

"मला विचारायचं होतंत."

"तुम्हाला कसं विचारणार?"

"तोंडाने." त्यांना बोलताना धाप लागत होती, पण थांबायला तयार नव्हते. "तुझ्या वहिनीने माझे जायचे कपडे शिवून पेटीत ठेवलेत. मी आंधळा आहे का? पोरगा घाबरेल म्हणून मी गप्प. मी घाबरेन म्हणून पोरगा गप्प. आणि तू गं? तुला तर लिहायचाच पगार मिळतो."

ब्लियाच्या डोळ्यांना धार लागली. ती रडते आहे याची त्यांनी फारशी दखल घेतली नाही. कागद काढ, म्हणाले, आणि सांगत गेले, तशी ती लिहीत गेली. माझं नाव न्हिया पाओ थाव. मी मरणार आहे, हे मला माहीत आहे आणि मी स्वतः सांगतो आहे. मला गाडीने दवाखान्यात न्यायला दुसरं कोणी नव्हतं म्हणून माझ्या मुलाने एक वर्ग सोडला. दोष माझ्या पोटाचा आहे, मुलाचा नाही. त्याला येऊ द्या. खाली त्यांनी सही केली. प्रौढांच्या शाळेत शिकलेली एकेक सुटी अक्षरं होती ती, आणि सगळी पुरी व्हायला बराच वेळ लागला.

"एवढ्यावर होईल?" त्यांनी विचारलं.

मुदत संपून पंचवीस दिवस झाले होते.

"होईल, दादा."

"मग निघायचं कधी त्याने?"

"चोवीस सप्टेंबरला," ती म्हणाली. त्या दिवशी विद्यापीठाचं सत्र सुरू होत होतं.

त्यांनी बोटांच्या पेरांवर काहीतरी मोजलं. मग डोळे मिटले.

"बरं," ते म्हणाले. "तोवर थांबतो."

ब्लियाने तो कागद त्याच दुपारी पाठवला, वेडी आशा म्हणून. चौथ्या दिवशी दोन ओळींचं उत्तर आलं, दुःख वाटतं, पण मुदत संपली आहे. ते तिने फेंगला दाखवलं. त्याने वाचलं आणि विचारलं की बाबांनी हे खरंच आपल्या तोंडाने सांगितलं का, रडले का सांगताना. नाही रे, ती म्हणाली, मला बोलले उलट. तो हसला, आणि हसता हसता टेबलावर डोकं टेकून रडला. बाबांना जातोय असंच सांगायचं, त्याने ठरवलं. ब्लियानेही हो म्हटलं. चांगलंच करतो आहोत असं दोघांना वाटलं.

न्हिया पाओ थांबले. थांबणं म्हणजे काय ते ब्लियाने पाहिलं. घरी येणारी नर्स जिभेखाली घालायचं औषध देऊन गेली होती, चार चार तासांनी द्या, दुखणार नाही, झोप लागेल. त्यांना झोप नको होती. झोपलो तर तसाच जाईन, ते म्हणत, आणि अर्धंच घेत, कधी तेही नाही. किराणावाल्याने दिलेलं कॅलेंडर खाटेसमोर लावून घेतलं होतं आणि त्यावर ते पुन्हा त्याच जाड पेनाने रोज एका चौकोनावर फुली मारत. पुढे हात उचलेना तेव्हा यूआ मारायला लागली. सप्टेंबरच्या पहिल्या आठवड्यात नर्स म्हणाली, आजउद्या. दुसऱ्या आठवड्यातही तेच म्हणाली. तिसऱ्या आठवड्यात तिने काही म्हणायचं सोडलं, ती नुसती दारात उभी राहून डोकं हलवायची. दुखणं वाढलं की न्हिया पाओ उशीचा कोपरा दातांत धरत. यूआने ब्लियाला विचारलं, यांचं काय अडलंय म्हणून जीव जात नाही? तिला सगळं माहीत होतं, ही थांबायची गोष्ट तेवढी त्यांनी तिला सांगितली नव्हती. ब्लियाने डोळे पुसले आणि कोंबडी साफ करायला घेतली.

चोवीस तारखेला सकाळीच माणसं जमली. उकडलेली कोंबडी, अंडी, भात मांडला, आणि एकेका वडीलधाऱ्याने फेंगच्या मनगटावर पांढरा दोरा बांधून आशीर्वाद दिला. वडिलांनी शेवटी बांधला. गाठ यूआने मारली, पण दोऱ्याचं टोक त्यांनी चिमटीत धरलं होतं. "मागे वळून बघू नकोस," ते म्हणाले. "मी बरा आहे." फेंगने त्यांच्याकडे पाहिलं, कितीतरी महिन्यांनी नीट पाहिलं, आणि बॅग उचलून निघाला. गाडी कोपऱ्यावरून वळल्याचा आवाज आला तेव्हा न्हिया पाओंनी औषध मागितलं. पूर्ण द्या, म्हणाले.

दहा वाजता फेंग त्या गणिताच्या वर्गात बसला होता, घरापासून दोन मैलांवर. दोन दिवस तो ब्लियाकडे राहिला. जेवला नाही, दोरे सोडले नाहीत. तिसऱ्या दिवशी सकाळी यूआचा फोन आला, आणि ब्लियाने त्याला वर्गाच्या दाराशी जाऊन खुणेने बाहेर बोलावलं. घरी पोचायला त्यांना सात मिनिटं लागली. तोवर वडिलांचे हात आईने सरळ करून ठेवले होते.

अंत्यविधीला हॉल मिळेपर्यंत तीन आठवडे गेले, मग चार दिवस विधी चालला. ढोल वाजत राहिला, आणि येणारा प्रत्येक जण म्हणत राहिला की काय जिद्दीचा माणूस, डॉक्टरांनाही खोटं पाडलं. ब्लिया भात वाढत होती. तिने मान वर केली नाही.

नोव्हेंबरात फेंग पुन्हा तिच्यापुढे येऊन बसला. गणितात पहिला होता. त्याच विद्यापीठाचा पुढच्या वर्षाचा अर्ज दोघांनी उघडला. गेल्या वर्षी प्रवेश का रद्द झाला, याला एक रकाना होता. फेंगने न थांबता लिहिलं, वडील आजारी होते, ते वारले. पाच शब्दांचं काम, मिनिटही लागलं नाही. लिहून झाल्यावर त्याने हात मागे घेतले आणि पडद्याकडे बघत राहिला.

"आत्या," तो म्हणाला, "बाबांना खोटंच सांगायचं होतं ना आपल्याला?"

"हो."

"मग तू सप्टेंबर कशाला सांगितलास गं? उद्या निघणार म्हणून सांगायचंस. मी दुसऱ्या दिवशीसुद्धा निघालो असतो."

ब्लियाने तोंड उघडलं. सेहेचाळीस दिवस, उशीचा तो कोपरा, आणि रोजचा एकेक चौकोन. तिला कुणीही अडवलं नव्हतं. दहा ऑगस्ट म्हणायला काहीच लागत नव्हतं.

"मला सुचलंच नाही रे," ती म्हणाली. "खरी तारीख चोवीसच होती."